सीके वाढलं, पण कुठलं?

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ-वर्धेकडच्या एखाद्या खेड्यातला पन्नाशीचा शेतमजूर छातीत दुखतं म्हणून ग्रामीण रुग्णालयात येतो. आदल्या दिवशी त्याने वावरातून कापसाची ओझी वाहिलेली असतात. सकाळी गावातल्या डॉक्टरांनी कमरेत दुखण्याचं इंजेक्शनही दिलेलं असतं. आता त्याच्या रक्तात क्रिएटिन कायनेज, म्हणजे सीके हे स्नायूंतलं एन्झाइम, वाढलेलं निघालं, तर ते हृदयातून आलं, खांद्यातून आलं, की सुई टोचली त्या जागेतून? तिन्ही ठिकाणी स्नायू आहे आणि दुखावलेला कोणताही स्नायू रक्तात सीके सांडतो.

मेलेल्या हृदयपेशींतली एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, रक्तात मोजता येतात, हे १९५४ साली न्यूयॉर्कच्या कार्मेन, लाड्यू आणि व्रोब्लेव्स्की यांनी दाखवलं. त्यांनी मोजलेलं एन्झाइम आपल्याकडच्या रिपोर्टवर एसजीओटी म्हणून दिसतं. ते यकृतातही भरपूर असल्यामुळे एकट्याने हृदयाचा पुरावा ठरत नाही. एकाच एन्झाइमची अवयवागणिक वेगळी रूपं असतात, हे कळल्यावर खरी वाट सापडली.

सीकेचा रेणू बैलजोडीसारखा दोघांचा असतो. एम आणि बी हे त्याचे दोन प्रकारचे घटक. हातापायांच्या स्नायूंत जवळपास सगळ्या जोड्या एम-एम, मेंदूत बी-बी. हृदयातही एम-एमच जास्त, पण साधारण पाचवा हिस्सा एम-बी असतो. इतर स्नायूंत हे प्रमाण जेमतेम एक ते तीन टक्के. म्हणून एकूण सीकेपेक्षा त्यातलं एमबी किती, हे महत्त्वाचं.

ते वेगळं काढायची जुनी रीत म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस. जेलवर सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी, ठेवून वीज सोडली की बी-बी धन टोकाकडे झपाट्याने सरकतं, एम-एम मागे रेंगाळतं आणि एम-बी मधोमध थांबतं. निकाल सुरेख मिळतो, पण वेळ फार जातो आणि छातीत कळ आलेल्या माणसाजवळ वेळच नसतो. म्हणून तालुक्याच्या लॅबमध्ये बहुधा दुसरी युक्ती चालते. सीरममध्ये एम घटकाला निकामी करणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) घालतात. एम-एम पूर्ण थंडावतं, एम-बीमधला फक्त बी काम करत राहतो. त्याच्या कामातून शेवटी एनएडीपीएच नावाचं रसायन तयार होतं. ते ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं आणि यंत्र हा शोषणाचा वेग मोजतं. आलेल्या आकड्याची दुप्पट म्हणजे सीके-एमबी.

या दुपटीत एक गृहीतक दडलंय: रक्तात बी-बी जवळजवळ नसतंच. काही जणांच्या रक्तात मात्र सीकेला प्रतिपिंड चिकटून मोठा रेणू बनतो, त्याला मॅक्रो-सीके म्हणतात. तो चाचणीतल्या एम निकामी करणाऱ्या प्रतिपिंडांना दाद देत नाही आणि एमबीचा आकडा फुगतो, कधी कधी एकूण सीकेपेक्षाही मोठा होतो. भाग पूर्णापेक्षा मोठा कसा असेल? असा रिपोर्ट दिसला की तंत्रज्ञाने तो पुढे पाठवण्याआधी थांबलंच पाहिजे. एमबीचं वस्तुमान थेट मोजणाऱ्या नव्या चाचण्यांत हा घोटाळा सहसा होत नाही.

एलडीएच या दुसऱ्या एन्झाइमची पाच रूपं आहेत. पहिलं रूप हृदयात जास्त असतं. एरवी रक्तात दुसरं रूप पहिल्यापेक्षा अधिक असतं, हृदयविकाराच्या झटक्यानंतर हे उलटतं. पूर्वी दोन-तीन दिवस उशिरा पोचलेल्या रुग्णात या खुणेचा आधार घेत. पण पहिलं रूप तांबड्या पेशींतही ठासून भरलेलं असतं. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या तांबड्या पेशी फुटत राहतात, आणि हृदय ठणठणीत असूनही तीच उलटापालट दिसू शकते. भरीला, एलडीएचची काही रूपं थंडीत कमजोर होतात, त्यामुळे काळजीपोटी बर्फाच्या डब्यात ठेवलेला नमुनाच बिघडतो.

आज पहिली पसंती ट्रोपोनिनला आहे आणि ते योग्यच आहे. ट्रोपोनिन एन्झाइम नाही. ते स्नायूच्या आकुंचनातलं प्रथिन आहे आणि त्याचं हृदयातलं रूप वेगळं ओळखता येतं. ओझी वाहिलेल्या, इंजेक्शन घेतलेल्या मजुराच्या बाबतीत ते फार उपयोगी पडतं. मात्र ते आठवडाभर किंवा जास्तही चढलेलं राहतं. सीके-एमबी चार ते सहा तासांत चढायला लागतं, दिवसभरात कळस गाठतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. म्हणून चौथ्या दिवशी पुन्हा झटका आला, तर तो यात दिसतो.

रक्तातले हे आकडे चढायला असे तास लागतात, ईसीजी काही मिनिटांत निघतो. त्यात मोठ्या झटक्याची स्पष्ट खूण असेल तर उपचार लगेच सुरू करायचे, रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. ईसीजी धड बोलत नसेल तेव्हा रक्ताचा पहिला आकडा साधा आला तरी रुग्णाला घरी पाठवू नये. काही तासांनी दुसरा नमुना हवाच. तोवर रुग्ण १०८ च्या गाडीने सेवाग्राम किंवा नागपूरला निघालेला असेल, तर सोबतच्या चिठ्ठीत दुखणं कधी सुरू झालं, नमुना कधी घेतला, इंजेक्शन दिलं होतं का, हे लिहावं. आकड्यापुढचं एककही लिहावं, कारण यू (एन्झाइमच्या कामाचं एकक) प्रति लिटरमधलं एमबी आणि नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमधलं एमबी शेजारी ठेवून चढ-उतार ठरवता येत नाही.