कोशर स्वयंपाकघराची पार्श्वभूमी: लंडनचे ज्यू वृद्धाश्रम आणि तेथील शेफ

ब्रिटनमधील ज्यू समाजाने स्वतःचे वृद्धाश्रम काढले, त्यामागे निवाऱ्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, जेवणाचे कारण होते. १८३४ च्या गरीब कायद्यानंतर निराधार म्हाताऱ्यांना सरकारी ‘वर्कहाउस’खेरीज (कामाच्या बदल्यात निवारा देणाऱ्या गरीबगृहाखेरीज) फारसा आसरा उरला नाही आणि तेथे शिजणारे मांस धर्मनिष्ठ ज्यू माणसाला वर्ज्य असल्याने त्याच्या ताटात पाव-बटाट्यापलीकडे थोडेच काही पडे. लंडनमध्ये १८४० साली वृद्ध व्यापाऱ्यांसाठी ‘हँड इन हँड’ आश्रम, १८४३ साली विधवांसाठी एक आश्रम आणि १८७१ साली ज्यू वर्कहाउस सुरू झाले. या तिन्ही संस्था १८९४ मध्ये एकत्र आल्या आणि १९०७ मध्ये क्लॅपमजवळच्या नाइटिंगेल लेनवर गेल्या. तो आश्रम आजही तेथे चालू आहे.

१८८१ नंतर रशियन साम्राज्यातील ज्यूविरोधी दंगलींमुळे आणि दारिद्र्यामुळे पूर्व युरोपातून निर्वासितांचे लोंढे आले. ज्यू गरिबांसाठी १८५४ पासून चालत असलेल्या सूप-किचनला १९०२ मध्ये ब्रून स्ट्रीटवर स्वतःची इमारत बांधावी लागली. गरीब ज्यूंच्या मदतीसाठी १८५९ मध्ये स्थापन झालेल्या ज्यू बोर्ड ऑफ गार्डियन्सचे पुढे ज्यूइश वेल्फेअर बोर्ड झाले आणि १९९० मध्ये ज्यूइश ब्लाइंड सोसायटीशी विलीन होऊन त्यातून ‘ज्यूइश केअर’ ही संस्था उभी राहिली.

या कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, स्वयंपाकघरांचे नियम मात्र संस्थांहून कितीतरी जुने आहेत. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, या तोराह या ज्यू धर्मग्रंथातील एका वाक्यावरून मांस आणि दूध पूर्णपणे वेगळे ठेवण्याची रीत रुजली. म्हणून भांडी, सुऱ्या, ओटे, धुण्याच्या जागा, सारे दुहेरी असते, आणि पेसाखच्या सणात आंबवलेले धान्य वर्ज्य असल्याने त्या आठवड्यापुरते आणखी दोन संच निघतात. शेफ ज्यू नसला तरी चालते, परंतु ‘शोमेर’ या धार्मिक देखरेखकाच्या संमतीशिवाय कोणताही जिन्नस आत येत नाही. पालेभाजीत किडा नाही ना, अंड्यात रक्ताचा ठिपका नाही ना, हेही तपासावे लागते. अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातील ज्यूंच्या) परंपरेत ज्यू व्यक्तीने शेगडी पेटवली की पुढचे शिजवणे इतर कोणी केलेले चालते. सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंची) परंपरा याबाबत अधिक कडक आहे. एरवी आपल्या शेगडीचा राजा असलेल्या अनुभवी शेफला हे प्रथम जड जात असणार.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, शिजवायला मनाई असते. (शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले ते याच नियमामुळे.) त्यामुळे शुक्रवारी दुपारीच सारा स्वयंपाक उरकतो आणि मांस, राजम्यासारखी कडधान्ये व जव यांचा ‘चोलेंट’ रात्रभर मंद आचेवर राहतो. आजाऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मात्र जीव वाचवण्यापुढे शब्बाथचे नियम मागे पडतात, याविषयी धर्मशास्त्रात संदिग्धता नाही.

नाझी छळातून निसटून आलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन ज्यूंसाठी युद्धानंतर उत्तर लंडनमध्ये वेगळे आश्रम निघाले, तेव्हा ‘ज्यू जेवण’ ही एकच गोष्ट नाही हे पुन्हा दिसले. गेफिल्टे फिश पोलंडकडच्यांना गोड लागतो, लिथुआनियाकडच्यांना मिरपूड घातलेला, आणि माशाचे तेच गोळे तळून थंड खाण्याची चाल खास इंग्लंडमधली. छळछावण्यांतून वाचलेली काही माणसे पुढे आयुष्यभर पावाचा तुकडा खिशात जपून ठेवत. अशा माणसाचे ताट उचलण्याची घाई करायची नसते, हेही या नोकरीतच शिकावे लागते.

अलीकडची अडचण वैद्यकीय आहे. गिळण्याचा त्रास असलेल्यांसाठी अन्न किती मऊ आणि पेय किती दाट असावे, याची ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी ब्रिटनने २०१९ मध्ये स्वीकारली. वजन घटलेल्या वृद्धांच्या कुस्करलेल्या बटाट्यात लोणी आणि साय घालण्याची तेथील वृद्धाश्रमांत सर्रास पद्धत आहे. पण ताटात कोंबडी असेल तर कोशर शेफला ती वाट बंद असते. मग त्याला वनस्पती तेल, अंड्याचा बलक, कोंबडीचा दाट रस्सा यांवर भागवावे लागते. मटणाच्या रश्शात दुधादह्याऐवजी नारळाचे दूध घालणाऱ्या अलिबागकडच्या बेने इस्राएली घरांत हीच अडचण पिढ्यान्‌पिढ्या अशीच सोडवली जात आली आहे.