सैनिक कुटुंबांच्या शाळांतील नागरिकशास्त्राचा निधी (बेळगाव सीमाभाग)

सैन्यात असलेल्या किंवा सैन्यातून निवृत्त झालेल्या व्यक्तींची मुले ज्या शाळांत मोठ्या संख्येने शिकतात, त्या शाळांत राज्यघटना, शासनव्यवस्था आणि नागरिकांचे हक्क व कर्तव्ये शिकविण्यासाठी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष रीतीने खर्च होणारा सरकारी पैसा. अमेरिकेत संरक्षण खात्याच्या शिक्षण कार्यक्रमातून या विषयासाठी वेगळी अनुदाने दिली गेली आहेत. भारतात मात्र पैसा शाळेला मिळतो किंवा मुलाला मिळतो. विषयाच्या नावाने तो क्वचितच येतो. नागरिकशास्त्रावर किती खर्च होतो हे ताळेबंदात शोधू गेल्यास म्हणूनच हाती फारसे लागत नाही, आणि शाळा कोणाची, हाच प्रश्न निर्णायक ठरतो.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्राचे 1922 पासूनचे ठाणे आहे. सांबऱ्याला वायुदलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या तालुक्यांतील मराठी भाषक घरांत पलटणीत भरती होण्याची परंपरा जुनी आहे. या कुटुंबांतील मुलांचे शिक्षण मुख्यतः दोन ठिकाणी विभागलेले दिसते : वडिलांबरोबर बदलीच्या गावी जाणारी मुले केंद्र सरकारच्या किंवा सैन्याशी संबंधित शाळांत शिकतात, तर आजी-आजोबांजवळ गावी राहणारी मुले कर्नाटक शासनाच्या मराठी शाळांत.

पहिल्या प्रकारात केंद्रीय विद्यालये प्रमुख आहेत. 1963-64 मध्ये 20 रेजिमेंटल शाळा, म्हणजे पलटणींच्या शाळा, केंद्र सरकारने ताब्यात घेतल्या, तेव्हा या योजनेला आरंभ झाला. सतत बदली होणाऱ्या नोकरदारांच्या मुलांना एकच अभ्यासक्रम मिळावा हा त्यामागचा हेतू होता. त्यांचा खर्च शिक्षण मंत्रालयाच्या अनुदानातून भागतो. पालकांकडून घेतला जाणारा विद्यालय विकास निधी त्याला जोड देतो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 नंतर या शाळांतील पुस्तकांवरून ‘नागरिकशास्त्र’ हे नाव गेले आणि सामाजिक व राजकीय जीवनाचा अभ्यास असे त्याचे स्वरूप झाले. विषयासाठी म्हणून केंद्राने उभी केलेली ठळक सोय म्हणजे युवा संसद. संसदीय कार्य मंत्रालयाने 1966-67 मध्ये दिल्लीतील शाळांत ही स्पर्धा सुरू केली आणि 1988 पासून केंद्रीय विद्यालयांसाठी ती राष्ट्रीय पातळीवर घेतली जाते. प्रश्नोत्तराचा तास, स्थगन प्रस्ताव आणि विधेयकावरील चर्चा मुलांनी स्वतः चालवावी, ही यातील कल्पना पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही धड्यापेक्षा जास्त शिकवून जाते.

बेळगावचे राष्ट्रीय मिलिटरी स्कूल 1945 साली स्थापन झाले. ते संरक्षण मंत्रालयाच्या थेट खर्चावर चालते आणि त्यात कनिष्ठ अधिकारी व जवानांच्या मुलांसाठी जागा राखीव असतात. आर्मी पब्लिक स्कूल या नावाच्या शाळांचे मात्र तसे नाही. त्या सैन्याच्या कल्याणकारी शिक्षण संस्थेकडून चालविल्या जातात आणि मुख्यतः शुल्कावर उभ्या आहेत. तेथे सरकारी पैसा पोहोचतो तो पालकाच्या हातून. बाल शिक्षण भत्ता दोन अपत्यांपर्यंत दरमहा 2,250 रुपये होता. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यावर 1 जानेवारी 2024 पासून तो 2,812.50 रुपये झाला. हुतात्मा आणि अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांच्या शिक्षण सवलतीवर 2017 मध्ये घातलेली दरमहा 10,000 रुपयांची मर्यादा 2018 मध्ये उठविण्यात आली, हे योग्यच झाले.

गावातील मराठी शाळांना राज्याचा निधी मिळतो, शिवाय 2018 पासून समग्र शिक्षा योजनेचाही. तिच्यात केंद्र व कर्नाटक यांचा वाटा 60 : 40 असा आहे. शाळेला मिळणारे एकत्रित अनुदान पटसंख्येवर ठरते. सीमाभागातील लहान मराठी शाळांना त्यामुळे कमी रक्कम मिळते आणि तीतूनच दुरुस्ती, वीज, पाणी व अध्यापन साहित्य भागवावे लागते. विधिमंडळाची इमारत, म्हणजे 2012 मध्ये उद्घाटन झालेले सुवर्ण विधान सौध, बेळगावातच असूनही मुलांना तेथे नेण्याच्या बसचा खर्च अशा शाळेला भारी पडू शकतो. भाषेच्या दृष्टीने या मुलांची बाजू मात्र बळकट आहे, कारण राज्यशास्त्राचे पुस्तक त्यांना मराठीत मिळते. कॅम्पातील केंद्रीय विद्यालयात तोच विषय हिंदी-इंग्रजीतून शिकविला जातो. घटनेच्या 350क या अनुच्छेदात अल्पसंख्य भाषक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचे सांगितले आहे, आणि सीमाभागातील मुलासाठी हा अनुच्छेद त्याच्या स्वतःच्या शाळेविषयीचा आहे.

सैनिकाच्या घरात हा विषय शिकविताना एक खास अडचण येते, तिचा विचार निधी ठरविताना होत नाही. घटनेच्या 33व्या अनुच्छेदाने सैन्यातील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि सेना अधिनियम 1950 नुसार संघटना, सभा व वृत्तपत्रांतील लेखन यांवर सैनिकाला बंधने आहेत. भाषण व संघटनेच्या स्वातंत्र्याचा धडा वाचणाऱ्या मुलाला आपले वडील ते पूर्णपणे वापरू शकत नाहीत हे ठाऊक असते; त्याचे कारण समजावून सांगू शकणारा प्रशिक्षित शिक्षक ही या शाळांची खरी गरज आहे. स्थानिक स्वराज्याचा धडाही असाच अवघड आहे. कॅन्टोन्मेंट अधिनियम 2006 मध्ये छावणी भागाचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या बोर्डावर निवडून आलेल्या सदस्यांची तरतूद आहे. तरीही देशातील 57 बोर्डांच्या 30 एप्रिल 2023 रोजी व्हावयाच्या निवडणुका मार्चमध्येच रद्द करण्यात आल्या.