इतिहास-अध्यापन, कृतियुक्त (नागपूर परिसराच्या संदर्भात)

इतिहासाच्या तासाला विद्यार्थ्याने नुसते ऐकून पाठ न करता साधने हाताळावीत, ती एकमेकांशी ताडून पाहावीत आणि स्वतःचे मत पुराव्यासह मांडावे, अशा रीतीने बांधलेली अध्यापनपद्धती. नकाशा, कालरेषा, नाट्यीकरण, क्षेत्रभेट, मुलाखत ही तिची जुनी अंगे. मोबाइल, प्रोजेक्टर, उपग्रहचित्रे आणि अंकीय दस्तऐवज ही नवी. पडद्यावर चित्रफीत लावून शिक्षक बाजूला बसला, तर तो या पद्धतीचा तास होत नाही. मूल त्या वेळात काय करते आहे, एवढीच खूण पाहायची.

ऑक्सफर्डचे अध्यापक कीटिंग यांनी १९१० सालीच शाळकरी मुलांच्या हाती मूळ कागदपत्रांचे उतारे द्यावेत, असा आग्रह धरला होता. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेतील सॅम वाइनबर्ग यांनी ८ इतिहासकार आणि ८ शाळकरी विद्यार्थी यांना अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील लेक्सिंग्टनच्या चकमकीविषयीचे तेच कागद वाचायला दिले. मुलांना माहिती कमी नव्हती. काही इतिहासकारांचा तर तो विषयही नव्हता. फरक वाचण्यात पडला. इतिहासकार आधी कागद कोणी, कधी, कशासाठी लिहिला हे पाहत होते, तर मुले पहिल्या ओळीपासून मजकूर खरा धरून वाचत होती. महाराष्ट्रात ही दृष्टी अभ्यासक्रमाला अनोळखी नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत भौतिक, लिखित आणि मौखिक साधनांची ओळख असते आणि दहावीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरांपासून होते; त्यापुढे उपयोजित इतिहास, म्हणजे इतिहासाचा आजच्या व्यवहारातला उपयोग, येतो. वर्गात मात्र तो धडा ‘महत्त्वाचे प्रश्न’ म्हणून खुणा करून संपवला जातो.

नागपूर या कामासाठी सोयीचे शहर आहे, कारण इथे साधने पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. गोंड, भोसले, इंग्रज, काँग्रेस, गिरणी कामगार आणि धम्मक्रांती यांचे अवशेष आणि आठवणी एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत सापडतात.

सीताबर्डीची लढाई हा त्यांतला सर्वांत फलदायी विषय. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि रेसिडेंट, म्हणजे भोसल्यांच्या दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी, जेंकिन्स याच्या बाजूची इंग्रज तुकडी यांच्यात ती झाली. पाठ्यपुस्तकात तिला फार तर एखादे वाक्य मिळते. पण टेकड्या दोन, एक मोठी आणि एक छोटी, हे जमिनीवर पाहिल्याशिवाय लढाई कळत नाही. २७ तारखेच्या सकाळी छोटी टेकडी अप्पासाहेबांकडच्या अरबांनी घेतली आणि दुपारपर्यंत इंग्रजांनी ती परत मिळवली. वर्गात गुगल अर्थवर सीताबर्डी उघडावी, चित्र तिरपे करून उंचसखल भाग दाखवावा आणि गटांना विचारावे: तोफ कुठे ठेवाल? छोटी टेकडी हातची गेली तर मोठीवरच्यांना कशाची भीती? मुले एकमेकांशी भांडू लागतात आणि त्या भांडणात लढाईचा निम्मा धडा होऊन जातो. याच टेकडीवरच्या ‘टेकडी गणपती’च्या देवळात आईबापांबरोबर शंभरदा गेलेल्या पोरांना आपण रणभूमीवरून चाललो होतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळते.

दुसऱ्या तासाला उतारे द्यावेत. या लढाईची छापील वर्णने बहुतेक इंग्रजांच्या बाजूची आहेत आणि त्यांत थोडक्या शिपायांनी कित्येक पट फौज कशी परतवली, हा सूर ठळक आहे. मुलांनी त्या मजकुरातली विशेषणे अधोरेखित करावीत आणि मग तीच घटना महाल या जुन्या वस्तीतल्या भोसल्यांच्या वाड्यातून पाहणारा कारकून कशी लिहील, ते दहा ओळींत लिहावे. कल्पित मजकुरावर ‘कल्पित’ असा शिक्का मारायला विसरू नये. नाहीतर दोन वर्षांनी तोच मजकूर कुणाच्या तरी मोबाइलवर ‘अस्सल पत्र’ म्हणून फिरताना दिसेल.

नकाशाचा दुसरा उपयोग शहराच्या जन्माशी जोडलेला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या आरंभी, १७०२ च्या सुमारास, बारा लहान गावे जोडून नागपूर वसवले. त्यांतली सक्करदरा, फुटाळा, लेंड्रा, भानखेडा, सीताबर्डी ही नावे आजही पत्त्यांवर आहेत. मुलांना ती मोबाइलच्या नकाशावर शोधायला लावावीत, खुणा कराव्यात आणि त्यांच्यामधून नाग नदी कुठून वाहते ते रेखाटावे. बारा वाड्यांना पाणी कुठून मिळत असेल, हा प्रश्न मग आपोआप येतो. शुक्रवारी तलावाचे जुने नाव जुम्मा तलाव आणि गांधी गेटचे जुम्मा दरवाजा, हे सांगितले की नावे बदलण्याचाही इतिहास असतो, हे मुले स्वतःच बोलून दाखवतात.

शहरातल्या झिरो माइल या सर्वेक्षणकालीन दगडाबाबत ‘हा देशाचा मध्यबिंदू’ हे वाक्य नागपूरच्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. ते खोडून काढण्यापेक्षा तपासायला लावणे अधिक चांगले. मोबाइलवरचे अंतर मोजण्याचे साधन घेऊन मुलांनी झिरो माइलपासून चारही टोकांपर्यंतचे अंतर मोजावे. मग शिक्षकाने विचारावे, कोणत्या भारताची टोके? देशाची मोजणी करणारे त्रिकोणमितीय सर्वेक्षण चालले त्या काळातला ब्रिटिश हिंदुस्थान आणि १९४७ नंतरचा भारत यांच्या सीमा वेगळ्या. दगड तिथेच राहिला आणि देशाची कड सरकली. भूगोलाच्या शिक्षकाला सोबत घेतले तर एका दगडात दोन विषयांच्या तासिका भागतात.

संग्रहालयभेट बहुतेक शाळांत सहल म्हणूनच होते: रांग, डबा, फोटो, परत. १८६३ साली सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे नागपूरकरांचा अजब बंगला, याला अपवाद नाही. पेंढा भरलेल्या वाघापुढे गर्दी होते आणि ताम्रपटाचे दालन रिकामे राहते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक गटाला एकच वस्तू वाटून देणे आणि तिच्यासमोर वीस मिनिटे बसवणे. चित्र काढा, माप अंदाजा, सूचनापाटीवर काय लिहिले नाही ते लिहा. बालाघाटजवळच्या गुंगेरिया येथे १८७० मध्ये सापडलेल्या तांब्याच्या हत्यारांच्या आणि चांदीच्या पत्र्यांच्या साठ्यातील काही वस्तू नागपूरच्या संग्रहात आल्या. बालाघाट आज मध्य प्रदेशात आहे. मग त्या इथे कशा? या एका प्रश्नातून १८६१ ला स्थापन झालेला मध्य प्रांत, त्याची राजधानी नागपूर आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी गेलेले राजधानीपद हे सगळे उलगडते. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत रस्ते का बंद असतात, याचेही उत्तर त्याच धाग्याला बांधलेले आहे.

काटोल रस्त्यावरील जुनापाणीची शिळावर्तुळे त्याहून कितीतरी प्राचीन. महापाषाणकालीन लोकांनी मृतांच्या स्मरणार्थ मांडलेले हे दगडांचे वेढे रिव्हेट-कार्नाक यांनी एकोणिसाव्या शतकात उकरून पाहिले आणि १९६०च्या दशकारंभी पुरातत्त्व खात्याने तिथे पुन्हा उत्खनन केले. लोखंडी अवजारे मिळाली. काही दगडांवर वाटीसारखे खळगे आहेत. लिखित साधन शून्य असताना काय सांगता येते आणि काय नाही, हे शिकवायला याहून चांगली जागा जवळपास नाही. दोरी आणि होकायंत्र एवढेच सामान पुरते. दगड हलवू नयेत, त्यावर खडूने लिहू नये, हे मात्र निघण्यापूर्वी बजावून सांगावे लागते.

मौखिक परंपरेसाठी मारबत, म्हणजे मिरवणुकीने काढला जाणारा मोठा पुतळा, घ्यावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर करत काळी आणि पिवळी मारबत शहरातून निघते. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे सांगितले जाते. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेल्या बाकाबाई भोसले यांचा निषेध, हेही घरोघरी ऐकायला मिळते. मुलांना कालरेषा आखायला सांगावी. रघूजी दुसरे यांच्या पत्नी बाकाबाई १८८१ च्या आधीच वारल्या होत्या. मग लोकांनी इतक्या वर्षांनी त्यांच्या नावाने पुतळा का काढावा? की पुतळा आधीपासून रोगराई घालवण्यासाठी निघत होता आणि बाकाबाईंची गोष्ट त्याला नंतर चिकटली? एकच एक उत्तर नाही, आणि वर्गाला ते पचायला वेळ लागतो. प्रत्येक मुलाने आजी-आजोबांकडून ऐकलेली कथा फोनवर ध्वनिमुद्रित करून आणली, तर एका वर्गात कथेची पाच-सहा रूपे सहज निघतात. ती फळ्यावर मांडली की लोकस्मृती कशी सरकते, याचा नकाशाच तयार होतो.

याच तऱ्हेने १९५६ हे वर्ष मुलाखतींतून उभे करता येते. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अठराच दिवसांनी नागपूरचे राजधानीपद गेले. त्या वेळी दहा-बारा वर्षांचे असलेले लोक आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये राबलेल्या घरांची आठवण तर इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच उमटते. मुलाखतीपूर्वी प्रश्नावली हवी, बोलणाऱ्याची परवानगी हवी आणि ‘आजोबा, तुम्हाला कसे वाटले?’ याऐवजी ‘त्या दिवशी घरात काय शिजले होते, कोण कशाने आले होते?’ असे विचारायला शिकवावे. भावना विचारल्या की भाषण मिळते. वस्तू विचारल्या की आठवण मिळते.

भूमिकाभिनयासाठी डिसेंबर १९२० चे नागपूर काँग्रेस अधिवेशन उत्तम. काँग्रेसनगर हे नाव त्याचीच खूण. सप्टेंबरात कलकत्त्याला असहकाराला विरोध करणारे चित्तरंजन दास नागपुरात तोच ठराव मांडतात आणि जिना विरोधात उभे राहतात. अध्यक्षपदी विजयराघवाचार्य. गटांना प्रत्येकाची बाजू कागदावर देऊन सभा भरवावी आणि शेवटी दासांचे मत का बदलले, यावर लेखी तर्क मागावा. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाचेही असे करता येईल. पण अस्पृश्यतेच्या किंवा दंगलीच्या अनुभवाचे नाट्य वर्गात करू नये. कुणा मुलाला अस्पृश्य ‘बनवून’ इतरांना त्याच्यापासून दूर बसवणे, हा प्रयोग कितीही सद्हेतूने झाला तरी घरून ती जखम घेऊन आलेल्या मुलावर अन्याय करतो. अशा विषयाला दस्तऐवज आणि आत्मकथने पुरेशी आहेत.

तंत्रज्ञानाबाबत थोडक्यात. पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड आणि २०१७ साली आलेले दीक्षा हे सरकारी शैक्षणिक ॲप यांमुळे चित्रफिती, नकाशे आणि सराव प्रश्न सहज मिळतात. प्रश्नमंजूषेची ॲपे उत्साह वाढवतात, पण त्यांतले बहुतेक प्रश्न सनावळीचेच असल्याने तोच जुना रट्टा नव्या रंगात येतो. अभिलेख पटल या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर जुन्या कागदांच्या प्रतिमा आहेत आणि १९०८ चे नागपूर जिल्हा गॅझेटियर पडद्यावर वाचता येते. मोडी लिपीला २०१४ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील लिप्यांच्या जागतिक संकेतप्रणालीत, स्थान आहे. मुलांनी आपले नाव मोडीत लिहून पाहिले की भोसलेकालीन पत्राची भीती निम्मी होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादयंत्राला ‘तू बख्त बुलंद हो’ असे सांगून मुलांशी बोलायला लावण्याची हौस सध्या वाढते आहे. यंत्र न झालेल्या गोष्टी ठामपणे सांगते. त्यापेक्षा यंत्राने लिहिलेला परिच्छेद छापून वाटावा आणि त्यातल्या चुका पुराव्यासह शोधायला लावाव्यात. व्हॉट्सॲपवर आलेल्या ऐतिहासिक संदेशांनाही हीच चाळण लावता येते, फक्त तो संदेश कुणाच्या वडिलांनी पाठवला होता ते वर्गात विचारू नये.

अडचणी ठरलेल्या आहेत. तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची, वर्ग साठांचा आणि दहावीच्या इतिहास-राज्यशास्त्राच्या लेखी परीक्षेचे गुण ४०. त्यामुळे पालकांना उपक्रम म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. अनेक शाळांत प्रोजेक्टर एकच असतो आणि तो विज्ञानाच्या तासाला आधीच अडकलेला असतो. तेव्हा शिक्षकाचा स्वतःचा फोन, छायाप्रती काढलेले उतारे आणि भिंतीवर लावलेली सुतळीची कालरेषा एवढ्यावर काम भागवावे लागते, आणि भागतेही. सहलीचा काळ नोव्हेंबर ते जानेवारी. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, म्हणजे सत्राचा आरंभ पावसात जातो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने सामान्य लोकांसाठी प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन आणि स्वातंत्र्य दिन या तीनच दिवशी उघडतो. यांतल्या दोन दिवशी शाळेत ध्वजवंदन असते आणि १ मेला उन्हाळी सुट्टी. त्यामुळे ध्वजवंदन आटोपून गणवेशातच, दोन-तीन पालकांना सोबत घेऊन, टेकडी चढणे हाच मार्ग उरतो.