डोंगराचा सातबारा आणि गाडीतले तीन पास

सिॲटलहून आय-९० हा महामार्ग धरून पूर्वेकडे निघालं की तासाभराच्या आत डोंगर अंगावर येतात. एक्झिट ३२ ला उतरून उजवीकडे वळलात तर रॅटलस्नेक लेकच्या काठावरची रॅटलस्नेक लेजची चढण. गाडी लावायची आणि चढायला लागायचं, पास वगैरे काही नाही. त्याच एक्झिटला डावीकडे वळलात तर माउंट साय. तिथे राज्य सरकारचा डिस्कव्हर पास आरशाला लटकवावा लागतो, नाहीतर परत येईपर्यंत काचेवर ९९ डॉलरच्या दंडाची पावती. तसंच वीस मैल पुढे गेलात तर एक्झिट ५२ ला स्नो लेकची वाट लागते. तिथे डिस्कव्हर पास चालत नाही, नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लागतो.

गेल्या जुलैत आई-बाबा इथे होते तेव्हा तीन शनिवारी आम्ही या तिन्ही ठिकाणी गेलो. स्नो लेकच्या पार्किंगमध्ये मी आरशावरचा एक कागद काढून दुसरा लावत होते, तेव्हा बाबांनी विचारलं, "अगं, डोंगर तोच, झाडं तीच, मग पावत्या वेगवेगळ्या कशाला?" मी जमिनीची मालकी कोणाची ते सांगितलं. बाबांची सगळी नोकरी महसूल खात्यात झाली. ते लगेच म्हणाले, "मग असं सांग ना, सातबारे वेगळे आहेत."

कुठला पास घ्यायचा या प्रश्नाची सुरुवात तिथूनच होते. रॅटलस्नेक लेकचा परिसर सिॲटल शहराच्या पाणीपुरवठा खात्याकडे आहे. माउंट साय राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याकडे, म्हणजे डीएनआरकडे. स्नो लेकची वाट राष्ट्रीय वनात, ते केंद्राच्या फॉरेस्ट सर्व्हिसचं, आणि फॉरेस्ट सर्व्हिस १९०५ पासून कृषी खात्याखाली आहे. ढग नसले की शहरातूनही दिसणारा माउंट रेनियर मात्र राष्ट्रीय उद्यान आहे. ते सांभाळणारी नॅशनल पार्क सर्व्हिस १९१६ साली स्थापन झाली आणि ती गृहखात्याखाली येते. (इथलं गृहखातं म्हणजे पोलीस-कायदा नव्हे. जमीन, पाणी, खाणी, उद्यानं असा त्याचा कारभार.) वन आणि उद्यान हा फरक आपल्याकडून गेलेल्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. राष्ट्रीय वनात लाकूडतोड, गुरं चारणं, खाणकाम, शिकार हे सगळं कायद्याने चालतं. राष्ट्रीय उद्यान मुळात राखून ठेवण्यासाठी आणि बघण्यासाठी. त्यामुळे उद्यानाला फाटक आलं, फाटकावर तिकीट आलं. वनाला फाटक नव्हतंच.

तिकिटाची सुरुवात झाली ती मोटारीमुळे. रेनियर उद्यान १८९९ चं. मोटारींना रीतसर प्रवेश देणारं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, आणि १९०८ मध्ये मोटारींच्या परवान्याला पैसे घेणारंही पहिलंच. पायी येणाऱ्याला किंवा घोड्यावरून येणाऱ्याला हा आकार नव्हता. गाडीला रस्ता लागतो, म्हणून गाडीवाल्याने पैसे द्यायचे. १९११ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट रेनियरवरच्या पॅराडाइज या ठिकाणी मोटारीने गेले, तेव्हा शेवटच्या टप्प्यात चिखलात फसलेली त्यांची गाडी खेचरं लावून ओढावी लागली होती. रस्त्याला पैसे का हवेत हे पटायला एवढं पुरे. आजही बहुतेक उद्यानांत तिकीट डोक्यामागे नसतं, गाडीमागे असतं, आत दोन माणसं असोत की सात.

दुसरं वळण १९६० च्या दशकातलं. महायुद्धानंतर घरोघरी गाड्या आल्या, पगारी सुट्ट्या आल्या आणि उद्यानं माणसांनी फुलली. १९५८ मध्ये अमेरिकन संसदेने लॉरन्स रॉकफेलर यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. लोकांना मोकळ्या हवेत फिरायला येत्या काळात किती जागा लागेल, याचा हिशेब करण्याचं काम त्याच्याकडे होतं. १९६२ मध्ये अहवाल आला. त्यातून १९६४ चा जमीन व जलसंधारण निधी कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर ३ सप्टेंबर १९६४ रोजी सही केली, आणि त्याच दिवशी रानवट प्रदेश जसेच्या तसे राखण्याच्या वाइल्डरनेस कायद्यावरही. याच निधी कायद्याखाली १९६५ पासून 'गोल्डन ईगल' पास मिळू लागला. वर्षाला ७ डॉलर, गाडीतली सगळी माणसं आत. आजच्या सगळ्या वार्षिक पासांचा आजोबा तो. अपेक्षेइतका पैसा त्यातून आला नाही. १९७२ नंतर त्याची व्याप्ती राष्ट्रीय उद्यानांपुरती उरली आणि किंमत १० डॉलर झाली. १९७० च्या दशकात ज्येष्ठांसाठी 'गोल्डन एज' आणि १९८० मध्ये अपंगांसाठी 'गोल्डन ॲक्सेस' आला. या काळातही राष्ट्रीय वनातल्या पायवाटांवर गाडी लावून चालू लागणाऱ्याला कुणी काही विचारत नव्हतं.

हे बदललं १९९६ मध्ये, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला महत्त्वाचा भाग हाच.

उद्यानं आणि वनं सांभाळायला मिळणारा सरकारी पैसा पुरत नव्हता. संडास तुंबलेले, पूल कुजलेले, पायवाटा वाहून गेलेल्या. १९९६ च्या खर्च-विधेयकात संसदेने एक प्रयोग घातला, 'रिक्रिएशन फी डेमॉन्स्ट्रेशन'. चार केंद्रीय खात्यांनी निवडक ठिकाणी शुल्क घ्यावं आणि त्यातला किमान ८० टक्के पैसा जिथे गोळा झाला तिथेच खर्चावा. ही दुसरी अट मोठी होती. त्याआधी फाटकावर गोळा होणारी रक्कम त्या जागेला मिळेल याची हमी नसे. प्रयोग तीन वर्षांचा ठरला होता. मुदतवाढ मिळत मिळत तो २००४ पर्यंत चालला.

फॉरेस्ट सर्व्हिसने पहिल्यांदाच साध्या पायवाटांना पास लावले ते याच प्रयोगात. १९९७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या चार राष्ट्रीय वनांत 'ॲडव्हेंचर पास' आला, दिवसाला ५ डॉलर, वर्षाला ३० डॉलर. नंतर ओरेगॉनमध्ये आणि आमच्या वॉशिंग्टन राज्यात नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास आला. लोक चिडले. लाकूड कंपन्यांना ज्या वनांत तोड करू दिली जाते, तिथे कर भरणाऱ्या माणसाने चालायलाही पैसे द्यायचे? कित्येकांनी मुद्दाम पास न लावता गाड्या उभ्या केल्या, दंडाच्या नोटिसा घेतल्या, कोर्टात गेले. काही राज्यांच्या विधिमंडळांनी विरोधाचे ठराव केले. ही माणसं फुकटी नव्हती. त्यातली बरीचशी स्वतः सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन पायवाटा दुरुस्त करणारी होती.

डिसेंबर २००४ मध्ये नवा कायदा आला, तोही एका भल्यामोठ्या खर्च-विधेयकाला जोडून. ओहायोचे खासदार राल्फ रेग्युला यांनी तो पुढे रेटला होता. विरोधकांनी त्याला 'रिक्रिएशन ॲक्सेस टॅक्स' म्हणायला सुरुवात केली, कारण आद्याक्षरं जोडली की होतं 'रॅट', म्हणजे उंदीर. पण या विरोधाचं फळ कायद्यातच दिसतं. नुसती गाडी उभी केली म्हणून, नुसतं जंगलातून गेलं म्हणून, रस्त्याकडेला थांबून देखावा पाहिला म्हणून फॉरेस्ट सर्व्हिसला पैसे घेता येत नाहीत. पायवाटेच्या तोंडाशी असं दिवसाचं शुल्क लावायचं तर तिथे सहा सोयी असाव्या लागतात: आखून दिलेलं पार्किंग, पक्का संडास, कायमची कचरापेटी, माहितीफलक, पिकनिकची टेबलं आणि सुरक्षेची व्यवस्था.

हे वाचल्यापासून मी प्रत्येक ट्रेलहेडला, म्हणजे पायवाटेच्या तोंडाशी, या सहा गोष्टी मोजते. स्नो लेकला बाबांनाही मोजायला लावल्या. तपकिरी पाटी, तिच्याखाली नकाशा, पलीकडे संडासाची खोली. कित्येक ट्रेलहेडला जमिनीत रोवलेली लोखंडी नळकांडी-पेटीही असते. पाकिटात ५ डॉलर घालून पाकीट फटीतून आत टाकायचं, त्याचा फाडलेला तुकडा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा. पाहायला कोणी नसतं. सह्याद्रीत वनखात्याच्या समितीच्या टेबलावर उपद्रव शुल्काची पावती फाडलेल्या कुणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की तिथे शुल्क उपद्रवाचं आहे आणि इथे सोयीचं.

कायदा झाला तरी भांडण मिटलं नाही. ॲरिझोनात टूसॉनजवळच्या माउंट लेमनवर फॉरेस्ट सर्व्हिस जवळजवळ सगळ्या डोंगराचंच शुल्क घेत होती. चार जणांनी दावा लावला. फेब्रुवारी २०१२ मध्ये नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. जो माणूस गाडी लावून सरळ चालायला जातो, सोयी वापरतच नाही, त्याच्याकडून पैसे घेता येणार नाहीत. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण त्याने रान आणि रानाच्या तोंडाशी असलेली व्यवस्था या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या.

२००४ च्या कायद्यातूनच २००७ मध्ये आजचा 'अमेरिका द ब्युटिफुल' पास आला. किंमत ८० डॉलर. सगळी राष्ट्रीय उद्यानं, राष्ट्रीय वनं, केंद्राची अभयारण्यं एका कार्डात. ज्येष्ठांचा आजन्म पास मात्र पुढे दहा वर्षं १० डॉलरलाच राहिला. २८ ऑगस्ट २०१७ रोजी तो एकदम ८० वर गेला आणि त्याआधीच्या आठवड्यांत जुन्या भावात पास घ्यायला ज्येष्ठांची झुंबड उडाली. हा पास अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळतो. व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा सत्तरीचे असले तरी त्यांना नाही.

राज्याच्या पासाची गोष्ट वेगळी आहे आणि ती मुख्यतः तुटीच्या अंदाजपत्रकाची आहे. वॉशिंग्टनच्या स्टेट पार्कांत, म्हणजे राज्याच्या उद्यानांत, २००३ मध्ये ५ डॉलर पार्किंग लावलं. लोकांना ते रुचलं नाही, २००६ मध्ये रद्द झालं. मग मंदी आली. २००९ पासून गाडीच्या नोंदणी-नूतनीकरणात ५ डॉलरची देणगी आधीच धरलेली असू लागली, नको असेल तर तसं सांगायचं. तेही पुरलं नाही, तेव्हा १ जुलै २०११ पासून डिस्कव्हर पास आला. वर्षाला ३० डॉलर, दिवसाला १०. त्यातून येणारे पैसे मुख्यतः स्टेट पार्कांना, थोडे डीएनआरला आणि थोडे मत्स्य-वन्यजीव खात्याला. या पासावर दोन गाड्यांचे नंबर पेनने लिहायला जागा असते, ही मला आवडलेली गोष्ट. घरात दोन गाड्या असल्या तरी पास एकच पुरतो. ऑक्टोबर २०२५ पासून वार्षिक पास ४५ डॉलरचा झालाय. राज्यातल्या बऱ्याच लायब्ररींत हा पास पुस्तकासारखा घरी नेता येतो. वर्षातून दोनदाच जाणाऱ्याने आधी तिथे चौकशी करावी.

निवड करताना मी एवढंच बघते. केंद्राचा पास राज्याच्या जमिनीवर चालत नाही, राज्याचा केंद्राच्या जमिनीवर नाही, त्यामुळे एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास ३० डॉलरचा, पण तो राष्ट्रीय वनापुरता. रेनियरला गाडीमागे ३० आणि ऑलिंपिक या राज्यातल्या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानाला ३० पडतात. वर्षात ही दोन्ही उद्यानं एकेकदा होणार असतील तर फॉरेस्ट पास धरून सगळं मिळून ९० होतात. त्यापेक्षा ८० चा मोठा पास घ्यावा, तो नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पासच्या जागीही चालतो.

२०२६ च्या १ जानेवारीपासून या हिशेबात एक नवीन रकाना आलाय. ८० डॉलरचा पास आता अमेरिकेत राहणाऱ्यांनाच, सरकारी फोटो ओळखपत्र दाखवून. बाहेरून आलेल्यांसाठी वार्षिक पास २५० डॉलरचा. पास नसेल तर यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, झायन अशा गर्दीच्या ११ उद्यानांत परदेशी पाहुण्याला नेहमीच्या तिकिटावर माणशी १०० डॉलर जादा. आपल्याला हा प्रकार नवा नाही. अजिंठा-वेरूळला आपण ४० रुपयांचं तिकीट काढतो तेव्हा शेजारच्या परदेशी पाहुण्याला ६०० मोजावे लागतात. तरी मला हे खटकतं, तिथेही आणि इथेही. १९०८ मध्ये पैसे गाडीचे होते. २००४ नंतर निदान वनात तरी ते सोयींचे होते. संडास वापरणारा माणूस साताऱ्याचा आहे की इथल्या स्पोकेनचा, याने संडासाचा खर्च बदलत नाही.

येत्या ऑगस्टमध्ये आई-बाबा पुन्हा येतायत. आईच्या मनात यलोस्टोन आहे. पास नसेल तर दोघांचे मिळून २०० डॉलर जादा हे मी फोनवर सांगितलं, तेव्हा बाबांनी ११ उद्यानांची यादी व्हॉट्सॲपवर मागवून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला: रेनियर आणि ऑलिंपिक यादीत नाहीत, नीट पाहिलंय, आईला सांगितलंय, तिलाही चालेल.