हातानं घासायचं, प्रकाशानं मोजायचं

ऑगस्ट जवळ आला की मोबाइलवर एक मेसेज फिरू लागतो. २७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र, पुन्हा हा योग आपल्या हयातीत नाही, वगैरे. हे पिल्लू २००३ सालचं आहे. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ खरोखरच पृथ्वीच्या खूप जवळ, सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. तेव्हाच्या मजकुरात एक वाक्य होतं: ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्णचंद्राएवढा दिसेल. ते अगदी बरोबर होतं. मंगळाची तबकडी तेव्हा २५ आर्कसेकंदांची होती (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आणि चंद्राची असते साधारण १८७०. भागाकार करून बघा. पुढे पाठवता पाठवता वाक्यातली दुर्बीण गळून गेली आणि चंद्र तेवढा उरला.

हीच 'पट'ची भूल खेळण्यातल्या दुर्बिणींच्या खोक्यांवरही असते. ‘५२५ पट!’ असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं आणि आत असतं ६० मिलिमीटरचं भिंग. वास्तविक किती पट दिसावं ही दुर्बिणीची मिरवण्यासारखी गोष्टच नाही. मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या नाभीय अंतराला (दूरचे किरण जिथे एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर) नेत्रिकेच्या, म्हणजे डोळ्याशी असलेल्या भिंगाच्या, नाभीय अंतरानं भागलं की तो आकडा येतो. १२०० मिलिमीटरच्या आरशाला १० मिलिमीटरची नेत्रिका लावली तर १२० पट. नेत्रिका बदलत जा, आकडा हवा तेवढा वाढतो. मात्र व्यासाच्या मिलिमीटरमागे साधारण दोन पटींच्या पुढे गेलं की नवा तपशील दिसत नाही, आहे तोच धूसरपणा मोठा होतो. म्हणून मुरलेला हौशी निरीक्षक ‘किती पट?’ असं विचारत नाही, ‘आरसा केवढा?’ असं विचारतो. १५० मिलिमीटरचा आरसा अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या ७ मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षा साडेचारशे पट जास्त प्रकाश गोळा करतो. ग्रहांच्या नावानं भविष्य सांगणाऱ्यांना यातलं काहीच लागत नाही. त्यांना ग्रहाकडे न बघताच सगळं दिसतं.

आणि असा आरसा घरी, हातानं करता येतो. कामचलाऊ नव्हे, चांगला आरसा. भिंगाच्या दुर्बिणीत ही सोय नाही. रंगांची झालर टाळायची तर दोन भिंगं लागतात, म्हणजे चार पृष्ठभाग घासणं आलं, शिवाय काच आतूनही निर्दोष हवी. आरशाचा एकच पृष्ठभाग कामाचा असतो आणि प्रकाश काचेच्या आत शिरतच नाही. न्यूटननं १६६८ साली पहिली परावर्ती दुर्बीण केली तेव्हा आरसा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा होता आणि तोही तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा. पुढे विल्यम हर्शेलनं १३ मार्च १७८१ रोजी युरेनस शोधला, तो घरी घासलेल्या सुमारे १५७ मिलिमीटरच्या आरशातून. एकदा तर सलग सोळा तास त्यानं आरशावरचा हात काढला नाही. बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवत होती. धातूचे आरसे हवेनं काळवंडत. पुन्हा चकाकी आणायची म्हणजे पुन्हा घासायचं, आणि घासलं की जमून आलेला आकार बिघडायचा. १८५० नंतरच्या दशकात काचेवर चांदीचा पातळ थर चढवायची युक्ती आली आणि हे दुष्टचक्र तुटलं.

आता घासण्याकडे येऊ. सारख्या मापाच्या दोन जाड, गोल काचा घ्यायच्या. एक टेबलावर पक्की बसवायची. तिच्यावर पाणी आणि कार्बोरंडमची जाडसर पूड टाकायची, दुसरी काच वर ठेवायची आणि मागेपुढे घासायचं. वरची काच पुढे सरकली की तिचा थोडा भाग खालच्या काचेच्या बाहेर लोंबतो. त्या क्षणी सगळा भार वरच्या काचेच्या मध्याजवळ आणि खालच्या काचेच्या कडेवर येतो. त्यामुळे वरची काच मधे झिजते, खालची कडेला. घासत राहिलं की वरची अंतर्गोल होते, खालची बहिर्गोल. साचा नाही, यंत्र नाही, तरी खोलगट आकार आपोआप येतो.

पण नुसतं खोलगट असून भागत नाही, आकार नेमका गोलाचा हवा. तो येतो कुठून? दोन पृष्ठभाग एकमेकांवर कसेही सरकवले, कसेही फिरवले, तरी सगळीकडे टेकून राहायचे असतील तर भूमितीनं एकच वाट ठेवली आहे: दोन्ही एकाच त्रिज्येच्या गोलाचे तुकडे असले पाहिजेत. कुठे उंचवटा राहिला तर तिथेच घर्षण जास्त होणार आणि तोच आधी झिजणार. अट एवढीच की घासण्याच्या दिशा सतत बदलत राहायला हव्यात. म्हणून घासणारा टेबलाभोवती हळूहळू फिरतो आणि हातातली काचही मधूनमधून वळवतो. हाताचा हलका-भारीपणा, एखादा तिरका फटकारा, सगळं एकमेकांत मुरून जातं. उलट जो शिस्तीनं एकाच रेषेत, एकाच जागी उभा राहून घासतो, त्याचा आरसा बिघडतो. अचूकपणा इथे अनियमिततेतून येतो, आणि मला या छंदातलं सर्वांत भारी वाटतं ते हेच.

१५० मिलिमीटर व्यास आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतर हवं असेल तर मध्यभागी खोली फक्त १.१७ मिलिमीटर लागते. ती आली की पूड बारीक करत जायचं. प्रत्येक टप्प्यात आधीच्या पुडीनं पाडलेले खळगे घालवायचे. दोन टप्प्यांमध्ये काच, टेबल, हात, सगळं धुऊन काढायचं, कारण जाड पुडीचा एक कण मागे राहिला तरी चरा पडतो आणि मागच्या टप्प्यावर जावं लागतं. शेवटी पॉलिश: खालच्या काचेवर पिच नावाच्या डांबरासारख्या पदार्थाचा थर, त्यावर सीरियम ऑक्साइड ही पॉलिशची बारीक पूड. पिच विचित्र असतं. हातोडी मारली तर काचेसारखं फुटतं, वजन ठेवून दिलं तर संथपणे वाहतं. म्हणून ते आरशाचा आकार स्वतःच घेतं.

इथपर्यंत गोल तयार झाला. दूरच्या ताऱ्याचे समांतर किरण एका बिंदूत आणायला मात्र गोल नव्हे, पॅराबोला (मध्याकडे गोलापेक्षा किंचित जास्त खोल असलेला वक्र) लागतो. दोघांत फरक किती? आपल्या आरशात गोल आणि पॅराबोला मध्याशी जुळवले तर कडेला २८६ नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). फोकस थोडा सरकवून दोन्ही आकार जास्तीत जास्त जवळ आणले तर उरतो ७० नॅनोमीटरच्या आसपास. आरसा १५० किलोमीटर रुंद आहे असं मानलं तर ही चूक ७ सेंटिमीटरची ठरेल. परावर्तनात चूक दुप्पट होते, म्हणजे १४० नॅनोमीटर; हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा हा पाव भाग, आणि पाव तरंग ही प्रतिमा चांगली राहण्याची रूढ मर्यादा. थोडक्यात, हा आरसा गोलच ठेवला तरी जेमतेम उत्तीर्ण होतो. पण नाभीय अंतर तेच ठेवून व्यास २०० मिलिमीटर केला तर फरक व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, तिपटीहून जास्त होतो, आणि मग मध्यभाग किंचित जास्त घासून पॅराबोला आणण्याला पर्याय उरत नाही.

पण ७० नॅनोमीटर घरी मोजायचे कशानं? लेआँ फुको या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५८ च्या सुमारास दिलेलं उत्तर अजून चालतं: एक बारीक छिद्रातला दिवा आणि दाढीचं पातं. दिवा आरशाच्या वक्रता केंद्राशी (आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्याच्या केंद्राशी), म्हणजे आपल्या उदाहरणात २४०० मिलिमीटरवर ठेवायचा. आरशावरून परतलेले किरण दिव्याशेजारीच एका बिंदूत जमतात. तिथे बाजूनं पातं सरकवायचं आणि डोळा पात्यामागे ठेवून आरशाकडे बघायचं. आरसा नेमका गोल असेल तर सगळे किरण एकदम अडतात आणि तबकडी सगळीकडे सारखी करडी होत विझते. एखाद्या भागाचा उतार चुकलेला असेल तर त्याचे किरण वेगळ्या जागी पडतात. पातं त्यांना आधी तरी कापतं नाहीतर सोडून तरी देतं. तो भाग काळा किंवा उजळ दिसतो, आणि सपाट वाटणाऱ्या काचेवर टेकड्या-दऱ्या उभ्या राहतात.

एवढी संवेदनशीलता कशी येते? ३० मिलिमीटर अंतरात ३० नॅनोमीटरचा फाजील चढ आहे असं धरा. उतार दशलक्षात एक. परावर्तनानं किरण दुप्पट वळतो, आणि २४०० मिलिमीटर जाईपर्यंत सुमारे ५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) बाजूला सरकतो. तेवढं पात्याला पुरतं. पॅराबोलाची तपासणी तर आणखी सुरेख. दिवा स्थिर ठेवला तर कडेचे किरण मध्याच्या किरणांपेक्षा r²/R एवढे मागे जमतात. r म्हणजे मध्यापासूनचं अंतर, R वक्रता त्रिज्या. आपल्या आरशासाठी ७५ × ७५ भागिले २४००, म्हणजे २.३४ मिलिमीटर. नॅनोमीटरची चूक मिलिमीटरमध्ये वाचता येते, साध्या स्क्रूच्या फेऱ्या मोजून! या मांडणीत आरशावर काही सेकंद अंगठा टेकवा. काच उबेनं फुगते आणि तिथे टेंगूळ दिसतं, हळूहळू विरतं. म्हणूनच पॉलिश केल्या केल्या मोजू नये, काच निवू द्यावी.

मापन एकाच साधनावर सोडलं की काय होतं ते हबल या अवकाश दुर्बिणीनं दाखवलं. १९९० साली अवकाशात गेलेल्या तिच्या २.४ मीटर आरशाची कड २.२ मायक्रॉननं जास्त सपाट घासली गेली होती, कारण तपासणी-यंत्रातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. दुसऱ्या, कमी अचूक समजल्या गेलेल्या चाचण्यांत गडबड दिसली होती. तिच्याकडे दुर्लक्ष झालं. १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्तीची प्रकाशयंत्रणा बसवली.

बाकीची दुर्बीण मानानं सोपी आहे. ४५ अंशांतला छोटा सपाट आरसा आणि नेत्रिका विकत घ्याव्यात, त्यात हट्ट नको. नळी जाड पुठ्ठ्याची चालते. बैठक मात्र जॉन डॉब्सनच्या पद्धतीची करावी. हा गृहस्थ अमेरिकेत रामकृष्ण संघाचा संन्यासी होता. मठात राहून जहाजाच्या खिडक्यांच्या काचांचे आरसे घासायचा. त्याची बैठक म्हणजे दोन दिशांत फिरणारी लाकडी पेटी. तिचं वजन टेफ्लॉनच्या तुकड्यांवर टेकतं, आणि लॅमिनेटवर टेफ्लॉन हलायला सुरुवात करताना आणि हलत असताना जवळपास सारखंच घर्षण देतं. त्यामुळे दुर्बीण झटका न देता सरकते आणि सोडली तिथे थांबते. या दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघू नये. नेत्रिकेला लावायची काळी काच उष्णतेनं तडकते, आणि डोळा कायमचा जातो.

आरशावर ॲल्युमिनियमचा थर चढवायला निर्वात कक्ष लागतो, तेवढं काम बाहेरून करून घ्यावं लागतं. तो थर साधारण १०० नॅनोमीटर जाड असतो आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रकाश परतवतो. मग खरी परीक्षा ताऱ्यावर. ठळक तारा धरायचा, फोकसच्या थोडं आत आणि तेवढंच बाहेर जाऊन पसरलेल्या तबकडीतली वलयं बघायची. दोन्हीकडे सारखी असतील तर आरसा जमला. नसतील तर थर रसायनानं उतरवता येतो, खालची काच तशीच राहते, आणि आरसा परत पिचवर घ्यायचा.