पान तमालपत्र, साल दालचिनी?

पुण्यातल्या नर्सरीत हमखास कानावर पडतं: ‘एकच झाड घ्या, पान तमालपत्र, साल दालचिनी.’ तसं नाही हो. दोन्ही एकाच कुळातली, पण झाडं वेगळी. तमालपत्र हिमालयाच्या पायथ्याचं. खरी दालचिनी श्रीलंकेची, कोकणातही लावतात. फसगत होते ती पानांमुळे. दोन्हींवर देठाकडून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा, आणि कोवळी पालवी तांबूस. पान चुरगळून बघा. लवंगेसारखा वास आला, तर बहुधा दालचिनीच गळ्यात पडलीय. (पुलावात खुशाल घाला, काही बिघडत नाही.) कुंडीत दोन्ही जगतात. एप्रिल-मेचं दुपारचं ऊन तेवढं टाळा आणि पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढा, साचलेल्या पाण्याने मुळं कुजतात.