फटीतला वारा

साधं विमान वळवायचं तर हात आणि पाय दोन्ही एका ठेक्यात चालावे लागतात. दांडी बाजूला झुकवली की पंखांच्या कडांवरच्या झडपा हलतात आणि विमान कलतं. त्याच वेळी पायांनी शेपटीचं सुकाणू फिरवायचं. आंरी मिन्ये या फ्रेंच हौशी विमानकर्त्याला हा मेळ कधी नीट जमला नाही. त्यानं ठरवलं, अवघड भागच विमानातून काढून टाकायचा.

1933 साली त्याचं ‘एच.एम. 14’ उडालं. लाकडी सांगाडा, वर ताणलेलं कापड, मोटरसायकलच्या जातीचं छोटं इंजिन. त्यानं त्याला नाव दिलं ‘आकाशातली ऊ’. इंग्लंडमध्ये गेल्यावर उवेची पिसू झाली. पायांखाली काहीच नाही, पंखांवर झडपाही नाहीत. दांडी बाजूला नेली की सुकाणू फिरे, आणि पंखांची टोकं वर वळलेली असल्यानं विमान आपोआप कलून वळे. दांडी मागे ओढली की पुढचा अख्खा पंखच बिजागरीवर फिरून हवेला जास्त तोंड देई.

खरी करामत मागच्या पंखात होती. आडव्या शेपटीच्या जागी त्यानं दुसरा, चांगला रुंद पंख बसवला, तोही पुढच्या पंखाच्या अगदी जवळ. पुढच्याची मागची कड मागच्याच्या पुढच्या कडेच्या किंचित वर येई आणि मधे एक अरुंद फट उरे. किलकिल्या खिडकीतून वारा कसा जोरात घुसतो, तसा या फटीतून तो मागच्या पंखावर धावे. एरवी नाक फार वर गेलं की पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो, उचल म्हणजे विमानाला वर धरणारा जोर कोसळतो आणि विमान गरगरत खाली येतं. नवशिक्यांचे जीव घेणारा प्रकार तो हाच. मिन्येचं विमान अशा वेळी नुसतं संथपणे खाली बसत जाई. ही कल्पना मला आजही फार सुंदर वाटते.

त्यानं बांधणीची कृती पुस्तकात छापली आणि फ्रान्स-इंग्लंडमध्ये घरोघरी रंधे चालू लागले. मग अपघात सुरू झाले, तेही एकाच पद्धतीचे. विमान खाली झेपावे, आणि चालकानं दांडी पूर्ण मागे ओढली तरी वर येतच नसे.

1936 मध्ये ब्रिटनच्या फार्नबरो इथल्या मोठ्या वातबोगद्यात, म्हणजे जोराचा वारा सोडून विमान तपासायच्या बोगद्यात, अख्खं विमान उभं करून पाहिलं गेलं. फ्रान्समध्येही तशाच चाचण्या झाल्या. दोष सापडला तो त्या फटीतच. विमान तीव्रपणे खाली झेपावत असताना दांडी ओढली की पुढच्या पंखाची मागची कड खाली येते, फट आवळते आणि मागच्या पंखावरचा प्रवाह आणखी वेगवान होतो. वाढीव उचल मिळते ती मागच्या पंखाला, म्हणजे तोलाच्या बिंदूच्या मागे. शेपूट वर उचललं जातं आणि नाक आणखी खाली दबतं. नवशिक्याला वाचवणारी फटच ठरावीक कोनापलीकडे त्याचा हुकूम उलटा करत होती. जमिनीजवळ घाबरलेला माणूस दांडी ओढतच राहणार. त्यानं दुसरं काय करावं?

ब्रिटनमध्ये ही विमानं उडवणं थांबवलं गेलं. मिन्येनं मात्र हार मानली नाही. पंखांचा आकार आणि मांडणी सुधारून त्यानं पुढची विमानं बनवली, आणि त्यांचे वंशज फ्रान्समध्ये हौशी लोक अजून बांधतात, उडवतात. फट तिथंही आहेच, फक्त तिच्या मर्यादा आता माहीत आहेत.

घरी बांधलेल्या विमानात धोका अनेकदा असा न दिसणाऱ्या जागी असतो. मिळेल ते इंजिन बसवलं, ते थोडं जड निघालं, आसन चार बोटं मागे सरकवलं, की तोलाचा बिंदू हलतो. सांध्यांतला चोखपणा तिथं कामाला येत नाही. म्हणून आजचा जाणता बांधणारा पहिल्या उड्डाणाआधी तिन्ही चाकांखाली तीन वजनकाटे ठेवतो, तिन्ही आकडे वहीत उतरवतो आणि तोल नेमका कुठे पडतो ते काढतो. तो ठरलेल्या हद्दीबाहेर गेला, तर बॅटरी पुढे-मागे हलवून पुन्हा काटे लावतो.